चिंचेपर्यंत

"पण बाबा, यात शिकवायचं काय? एक घोडी घ्यायची आणि चालू लागायचं. दुसरी राहील मागं."

लिंबाजीने हे विचारलं तेव्हा हिरापुरीबाबा अबोलीच्या पाठीला खरारा करत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"मग चाल," ते म्हणाले.

लिंबाजीने शेवंतीचा दोर सोडला आणि तिला घेऊन पागेबाहेर पडला. दहा पावलं झाली नसतील...

मागून अबोली अशी खिंकाळली, की पागेसमोरच्या चिंचेवरचे बगळे उडाले. शेवंती जागच्या जागी गर्रकन वळली. लिंबाजी दोराच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यामुळे तोही वळला. दोघं आले तसे आत गेले.

"न्हाई, शिकवायचं तसं काहीच न्हाई," बाबा म्हणाले, आणि खरारा करत राहिले.

नदीच्या अलीकडे पुरी गोसाव्यांचा हा लहानसा मठ. पलीकडे डोंगर, आणि डोंगरावर मठाच्या मूळ पुरुषाची समाधी. तो एकटा, एका घोड्यावर बसून या मुलखात आला होता असं सांगतात. म्हणून दरवर्षी दत्तजयंतीला मठातल्या पादुका एका घोड्याच्या पाठीवर बसून डोंगरावर जातात आणि दिवस कलायच्या आत परत येतात. त्या घोड्यावर माणूस बसत नाही. बरोबर दुसरा घोडा जात नाही. गाव मागून पायी चालतं.

वीस वर्षं हे काम मल्हार नावाच्या घोड्याने केलं. त्याला वाट इतकी पाठ होती की लिंबाजीने दोर नुसता शोभेला धरावा. गेल्या उन्हाळ्यात मल्हार म्हातारपणाने गेला, आणि गावकऱ्यांनी बाजारातून शेवंती आणली. शेवंती एकटी गाडीत चढेना, म्हणून तिच्या शेजारी बांधलेली अबोलीही आणावी लागली.

शेवंती उंच, दुधाळ रंगाची, चालली की नऊवारी नेसलेल्या बाईसारखी रुबाबदार. अबोली बुटकी, तांबूस, पोटाने जरा सुटलेली. तिचं नाव ज्याने ठेवलं त्याने तिचा आवाज ऐकलेला नसावा.

दोघी एका घमेल्यात पाणी पीत. दुपारी तोंडाला शेपूट लावून उलट्यासुलट्या उभ्या राहत, आणि एकमेकींच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकत. बघणाऱ्याला बरं वाटे. पण एक नजरेआड झाली की दुसरीला दरदरून घाम फुटायचा, ती जमीन उकरायची, लाथा झाडायची आणि सगळं गाव गोळा होईल असं ओरडायची.

लिंबाजीला मात्र हे सगळं चुटकीसरशी सोडवता येईल असं वाटत होतं. बारा वर्षांपूर्वी तो पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचा मोतद्दार होता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. "आमच्या रेसकोर्सवर" असं त्याने सुरू केलं, की पारावरची माणसं चपला शोधू लागत. एका घोड्याने लाथ घालून त्याची मांडी मोडली. काम गेलं, घर नव्हतंच. मिळेल त्या गाडीने येऊन मठाच्या पायरीवर पडला. बाबांनी मांडी बांधली, सहा महिने ताट जागेवर आणून दिलं, आणि तो चालायला लागल्यावर म्हणाले, "आता जा."

तो गेला नाही.

तेव्हापासून लिंबाजी म्हणजे बाबांची सावली. एकदा बाबा डोळे दाखवायला बार्शीला गेले आणि त्यांची संध्याकाळची एसटी चुकली. तर हा चाळिशीकडे झुकलेला माणूस फाट्यावर जाऊन बसला आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारू लागला, की आमचे बाबा दिसले का. गाव त्या गोष्टीवर अजून हसतं.

आणि या दिवाळीत बाबांनी सहज सांगावं तसं सांगून टाकलं होतं, की दत्तजयंती झाली की मी गिरनारला निघतो. वय ऐंशीच्या पुढे. परत यायचं काही बोलले नाहीत, आणि त्या वयात कुणी ते विचारतही नाही.

लिंबाजीने त्याच क्षणी जाहीर केलं की मीही येणार.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेवंती एकटी डोंगरावर जाऊन आली की बगू."

आता गंमत बघा. दोन घोड्यांची ताटातूट करायला हा गडी उतावीळ झाला होता, तो स्वतःची ताटातूट होऊ नये म्हणून. हे त्याच्या काही ध्यानात आलं नाही. बाबांच्या आलं होतं की नाही... ते बाबांनाच ठाऊक.

लिंबाजीचा पहिला उपाय सरळ होता. मठामागे धान्याची दगडी खोली होती. अबोलीला त्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली, आणि शेवंतीला ओढत नदीपर्यंत नेलं. रेसकोर्सवर असंच करतात, असं त्याने गयाआक्कांना जाता जाता सांगितलं. गयाआक्का मठाच्या शेजारच्या वस्तीवर राहत, आणि रोज डोक्यावरून कडब्याच्या पेंढ्या आणून देत. त्या पेंढी खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

शेवंती गुडघाभर पाण्यात होती तेव्हा खोलीची कडी तुटली. अबोली दार फोडून बाहेर आली, छातीला हातभर ओरखडा घेऊन. तिचा आवाज ऐकून शेवंतीने पाण्यातच उडी घेतल्यासारखी झेप घेतली. दोर लिंबाजीच्या तळहातांतून सरसर निघून गेला आणि जाताना कातडी घेऊन गेला.

दोघी पागेपाशी भेटल्या. एकमेकींच्या मानेवर मान टाकून थरथरत उभ्या राहिल्या. लिंबाजी ओला, रक्ताळलेल्या हातांनी मागून आला. गयाआक्कांनी आधी अबोलीच्या छातीला हळद लावली, मग उरलेली त्याच्या हातांना लावली. हा क्रम त्याच्या मनाला फार लागला.

बाबा ओसरीवर बसले होते.

"कोण ओरडत होती?" त्यांनी विचारलं.

"अबोली."

"आणखी?"

"शेवंती."

"आणखी?"

लिंबाजीने हळदीचे हात पाठीमागे घेतले. नदीवरून त्याचाही आवाज इथवर आलाच असणार.

दुसरा उपाय त्याला फारच हुशारीचा वाटला. शेवंतीच्या गळ्यात पितळी घुंगरांची माळ असे. मठाच्या घोड्याला ती घालायची रीत होती, मल्हारच्या गळ्यातलीच ती. लिंबाजीने विचार केला, अबोलीला शेवंती हवी म्हणजे काय हवं? शेवंती जवळ आहे हे कळायला हवं. त्याने माळ काढली आणि चिंचेच्या पागेकडच्या फांदीला टांगली. वारा आला की घुंगरं वाजणार, अबोलीला वाटणार की मैत्रीण इथंच आहे. मग शेवंतीला मागच्या बाजूने हळूच काढून न्यायचं.

आणि खरंच अबोली ओरडली नाही. लिंबाजी शेवंतीला नदीपर्यंत नेऊन आला. तिथे मात्र शेवंती पाण्यात पाय घालायला तयार नव्हती, पण ते नंतर बघता आलं असतं. तो मिशीला पीळ देत बाबांसमोर उभा राहिला.

"ओरडली न्हाई," तो म्हणाला.

"व्हय," बाबा म्हणाले. "खाल्लं का तिनं?"

ते त्याने पाहिलं नव्हतं.

त्याने दोन दिवस तोच प्रयोग केला, आणि तिसऱ्या दिवशी पाहिलं. शेवंती गेल्यावर अबोली चिंचेकडे कान लावून उभी राही. घुंगरं वाजली की दोन पावलं पुढे जाई. तिथे कुणी नसे. परत येई. वारा सुटला की पुन्हा पुढे. समोर कडबा तसाच पडलेला. तीन दिवसांत तिचं सुटलेलं पोट उतरलं होतं, आणि शेवंती समोर असतानाही तिची नजर आता फांदीकडे जाऊ लागली होती. लिंबाजीने एक काडी तिच्या तोंडापाशी धरली, तिने ती घेतली नाही. कुणाला त्रास द्यावा असा त्याचा स्वभाव नव्हता, फक्त घाई होती.

बाबा उठले. काठीने फांदी वाकवून त्यांनी माळ खाली घेतली आणि मुठीत घट्ट धरली, वाजू नये म्हणून.

"दारावर दिवसभर कुणी थाप मारावी अन् दार उघडलं की बाहेर कुणीच नसावं," ते म्हणाले. "काय हाल होतील माणसाचे?"

"मला वाटलं, तिला बरं वाटेल."

"आठवण टांगून ठेवलीस. ती आत येत न्हाई अन् निघूनबी जात न्हाई."

माळ त्यांनी शेवंतीच्या गळ्यात परत घातली. लिंबाजी तिथेच खाली बसला. बसल्याबसल्या त्याने मोजलं, दत्तजयंतीला महिनासुद्धा उरला नव्हता. त्याला वाटलं, संपलं. बाबा जाणार आणि आपण या दोन बयांना धरून इथंच राहणार. डोळे भरून आले ते त्याने अजून हळद भरलेल्या हातांनी पुसले, आणि मग ते हळदीनेही चुरचुरले.

बाबांनी त्याला थोडा वेळ रडू दिलं.

मग त्यांनी एक पेंढी सोडली. कडबा अबोलीपुढे पसरला, वर मूठभर हरभऱ्याची चंदी टाकली. अबोलीने हुंगलं, फुरफुरली, आणि तोंड घातलं. बाबांनी शेवंतीचा दोर हातात घेतला. ऐंशी वर्षांचा माणूस जसा चालतो तसे चालत ते तिला चिंचेपर्यंत घेऊन गेले. दहा पावलं. तिथून वळले. दहा पावलं परत. शेवंतीला तिच्या जागी उभं केलं.

अबोली चावत होती. तिने मान वर केली नव्हती.

"हं," बाबा म्हणाले.

लिंबाजी वाट पाहत राहिला. पुढे काही घडेना.

"एवढंच?"

"एवढंच."

"बाबा, डोंगर दोन कोसांवर आहे. हे कुठं नेणं झालं?"

"नेणं मला येत न्हाई," बाबा म्हणाले. "मी परत आणतो."

लिंबाजीला यातलं काही कळलं नाही. पण त्याच्याकडे तिसरा उपाय नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याने शेवंतीला चिंचेपर्यंत नेऊन परत आणायला सुरुवात केली. कडबा टाकायचा, अबोलीचं तोंड त्यात गेलं की निघायचं, तिची मान वर व्हायच्या आत परत यायचं. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. शर्यतीचे घोडे हाताळलेला माणूस दहा पावलांची वारंवार फेरी मारताना बघायला पारावरचे रिकामे लोक मुद्दाम येऊ लागले.

"लिंबा," गयाआक्का म्हणाल्या, "घोडीला तीर्थाला नेतोयस की अंगणात पाय मोकळे करायला?"

तो फेरी मारत राहिला. लाज वाटत होती. पण हळूहळू एक गोष्ट त्याच्या लक्षात येऊ लागली, आणि लाजेला जागा उरेना. शेवंती दोर धरल्यावर आता ताठत नव्हती. तिला जणू ठाऊक झालं होतं, की हा दोर ज्या बाजूला जातो त्याच बाजूने परतही येतो.

चिंचेपासून विहिरीपर्यंत. विहिरीपासून कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावरून पलीकडे, जिथून शेवंती दिसत नाही... आणि लगेच परत. अबोलीने त्या वेळी मान उचलली, कोपऱ्याकडे पाहिलं, शेवंती कोपऱ्यावरून आलीच, आणि तिने मान पुन्हा खाली घातली. लिंबाजीला इतका आनंद झाला की त्याने बुटकीचं कपाळ धरून मुका घेतला. तिने त्याच्या खांद्याला चावा घेतला.

बाबांच्या सांगण्यावरून मग उलटही सुरू झालं. अबोलीला न्यायचं, शेवंतीने राहायचं. तेव्हा उघड झालं की सगळा गोंधळ घालणारी म्हणून जिचं नाव झालं होतं ती अबोली बाहेर खुशाल चालते, आणि ती रुबाबदार शेवंतीच मागे राहिली की पाय आपटते. लिंबाजीला हे पाहून फार नवल वाटलं. बाबांना वाटलं नाही.

एक दिवस त्याचा जुना स्वभाव उसळला. सगळं ठीक चाललंय म्हणून तो शेवंतीला थेट नदीच्या उतारापर्यंत घेऊन गेला. मागे अबोली खिंकाळली. एकदा, दोनदा, मग सारखी. लिंबाजी शेवंतीला घेऊन धावतच परत निघाला.

कुंपणाच्या कोपऱ्यावर बाबा उभे होते. त्यांनी काठी आडवी धरली.

"थांब."

"ती रडतीय बाबा."

"ऐकतोय मी."

"जाऊ द्या मला."

"आत्ता गेलास तर काय शिकंल ती?"

लिंबाजी थांबला. अबोली ओरडत होती आणि प्रत्येक हाकेला त्याचे पाय आपोआप उचलत होते. शेवंती कान टवकारून त्याच्या खांद्याला नाक घासत होती. बाबांची काठी हलली नाही. मग त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले होते. त्यांनाही ते ऐकवत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खिंकाळ्या विरळ झाल्या. मग एक लांब फुरफुर आली. मग... कडबा मोडल्याचा आवाज.

बाबांनी काठी बाजूला घेतली.

"आता चल. सावकाश. काहीच झालं न्हाई असं."

त्या दिवसानंतर लिंबाजीने घाई केली नाही. मनातूनही केली नाही. पहाटे उठून दोघींना खरारा करी, एकीला नेई, आणे, दुसरीला नेई, आणे. नदीच्या काठापर्यंत, मग पाण्यात, मग पलीकडे. सकाळी तो भाकरी करून ठेवी, आणि दुपारी बाबांनी ओसरीवर ताट वाढून झाकलेलं असे. ते खाऊन तो पुन्हा उठे. पाणी पार करून शेवंती पलीकडच्या बोरीखाली उभी राहिली तेव्हा त्याने तिला बोरं काढून दिली, आणि ती शांतपणे बोरं खात असताना त्याच्या मनात आलं, की रेसकोर्सवर आपण घोड्यांना फक्त पळायला शिकवत होतो. ही गोष्ट त्याने पारावर सांगितली नाही.

दत्तजयंतीला आठवडा उरला असताना गयाआक्का पेंढी टाकता टाकता म्हणाल्या, "या खेपेला फाट्यावर गेला न्हाईस ते?"

"कशाला?"

"कशाला म्हंजे? बाबा चार दिस नव्हते हितं. सोमवारी आडगावच्या मठात गेले, काल आले. त्याआधी दोन दिस गेले हुते."

लिंबाजी बघत राहिला. बाबा गेले हे त्याला माहीत होतं. जाताना त्याच्यापुढे ताट ठेवून, येतो म्हणून गेले होते. आले तेव्हा तो अबोलीचे खूर साफ करत होता, आणि त्याने वर बघून नुसतं "आलात?" म्हटलं होतं.

"घोड्यांच्या नादात राहिलं," तो म्हणाला.

"बरं हाय," गयाआक्का म्हणाल्या, आणि पदराने हसू पुसत गेल्या.

दत्तजयंतीचा दिवस उजाडला. शेवंतीला आंघोळ घातली, पाठीवर जरीची झूल, तिच्यावर पादुकांची पेटी, गळ्यात घुंगरमाळ. गाव टाळ घेऊन अंगणात जमलं. लिंबाजीने अबोलीपुढे कडबा पसरला, तिच्या कानामागे खाजवलं, आणि ती खायला लागल्यावर दोर हातात घेतला. बाबा ओसरीवरच राहिले. अबोलीपाशी कुणी हवं, असं म्हणाले.

चिंच मागे पडली. विहीर. कोपरा. उतार. पाण्यात शिरताना मागून एक खिंकाळी आली, एकच. शेवंतीने एक कान मागे फिरवला. लिंबाजीने दोर ढिलाच ठेवला. मागून दुसरी आली नाही. शेवंतीने आयाळ झटकली आणि ती पाण्यातून चालू लागली, घुंगरं वाजवत, आणि मागून अख्खं गाव चाललं.

डोंगरावर समाधीला पादुका टेकल्या तेव्हा लिंबाजीने खाली पाहिलं. मठ काडेपेटीएवढा दिसत होता. पागेच्या दारात एक तांबूस ठिपका होता, आणि ठिपक्याच्या पलीकडे ओसरीवर एक भगवा. दोन्ही जागचे हलत नव्हते. त्याला एकदम भडभडून आलं आणि का ते समजेना.

दुपार कलताना ते परतले. शेवंती पागेत शिरली, अबोलीने तिच्या नाकाला नाक लावलं, हुंगलं, आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. मग शेवंतीने तिच्या तोंडातली चांगली हिरवी काडी हिसकावून घेतली. एवढंच त्यांचं स्वागत.

लिंबाजी धावत ओसरीवर गेला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"झालं बाबा. एकटी गेली, एकटी आली. आता माझं बघा."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच राहिला.

"बगू," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी पागेतून आला तेव्हा चुलीवर पिठलं रटरटत होतं. बाबांनी स्वतः केलं होतं. इतकी वर्षं स्वयंपाक लिंबाजीच करायचा, त्याआधी सहा महिने मात्र बाबांनी केला होता, आणि पिठल्याला तोच वास होता, लसूण जरा जास्त करपवलेला. त्यांनी पाट मांडला, त्याला बसवलं, ताटात गरम भाकरी घातली, पिठलं वाढलं, कांदा मुठीने फोडून ठेवला.

"जेव."

लिंबाजीने घास मोडला, आणि दाराशी टेकवलेली काठी पाहिली. काठीला झोळी. झोळीवर घडी केलेली घोंगडी. भिंतीवरची खुंटी रिकामी होती. तिच्यावरची जपमाळही नव्हती.

घास हातातच राहिला.

"बाबा, मी तयारी केली नाही अजून."

भाकरीचा पापुद्रा उघडून बाबांनी त्यात तूप सोडलं.

"तुम्ही म्हणाला होता, बघू."

"बगितलं की."

"मग मला न्या."

"नेणं मला येत न्हाई, लिंब्या."

बाहेर कडबा मोडल्याचा आवाज येत होता. एकीचा की दोघींचा, ते कळत नव्हतं.

"मग तुमच्या खडावा तरी ठेवून जा," लिंबाजी म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. "खुंटीवरची माळ ठेवा. काहीतरी ठेवा."

बाबांनी दारातून चिंचेकडे पाहिलं. पागेकडच्या त्या फांदीकडे.

"कुठं टांगशील?"

लिंबाजीनेही त्या फांदीकडे पाहिलं. ताटातल्या पिठल्यावर साय धरू लागली.

मग लिंबाजीने मान खाली घातली. हातातला घास पिठल्यात बुडवला आणि तोंडात टाकला. तो खारट लागला, पण चावला. दुसरा मोडला. समोरून गुडघ्यांची कुरकुर ऐकू आली, मग काठी उचलल्याची, मग खडावांची. डोक्यावर एक हात आला, टेकला, निघाला. लिंबाजीने मान वर केली नाही. तो खात राहिला.

खडावा उंबऱ्याशी थांबल्या.

"जेव तू सावकाश," बाबा म्हणाले. "मी जरा चिंचेपर्यंत जाऊन येतो."